दुसरं सॅम्पल

लिले, जन्मभर तू माझं एक धड ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं हे ऐकलंस. मला तुझ्याशी भांडायचंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अक्का, सुरू झालं का तुझं सकाळी सकाळी?" हो, झालंय सुरू. उलटं बोलता येत नाही तुला आता, तर निदान ऐकून तरी घे.

तुझं कार्य उरकून मी काल रेणापूरहून नांदेडला परत आले. आज लॅबमध्ये गेले. शटर शबानानं उघडलं होतं. तीच गं, माझ्याबरोबर काम करणारी, तुझ्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर जीव टाकणारी. मी नव्हते तेवढे दिवस तिनं सगळं चोख ठेवलं होतं. फक्त रॅकच्या कोपऱ्यातल्या एका रिकाम्या ट्यूबला हात लावला नव्हता. निळ्या झाकणाची ट्यूब. तिच्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: शिवलीला, वय एकतीस, दुसरं सॅम्पल. शबाना हळूच म्हणाली, "मॅडम, ये निकालूं क्या?" मी म्हटलं, राहू दे. मग आत जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर उपाशीपोटी आलेली माणसं ताटकळली होती. त्यांना तरी किती बसवणार, म्हणून तोंड धुतलं आणि कामाला लागले.

पहिलं सॅम्पल मी दिवाळीत घेतलं होतं. आई-अप्पा गेल्यापासून माझं घर हेच तुझं माहेर. दोन्ही पोरींना घेऊन तू आली होतीस. लाडू वळता वळता सहज म्हणालीस, "मी गोळ्या चालू केल्यात अक्का. सहा महिने झाले." दोन लेकरं पुरे, असं तू आणि बसवराजनं ठरवलं होतं. मी विचारलं, "डॉक्टरीणबाईला आईच्या पायाचं सांगितलंस का?" तू हातातला लाडू ताटात ठेवलास. "आईच्या पायाचं काय सांगायचं असतंय त्यात?"

खरंय, कुणाला सुचणार. तुझ्या वेळच्या बाळंतपणात आईचा डावा पाय खांबासारखा सुजला आणि मरेपर्यंत कधी धड ओसरला नाही. मोठी मावशी तर बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी, पाळण्याची तयारी चालू असताना, श्वास लागून गेली. घरात म्हणायचे, नजर लागली. मी हे काम शिकले तेव्हा मला कळलं की नजर-बिजर काही नव्हती. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, ती सुटून फुफ्फुसात जाऊन बसते. काही घराण्यांच्या रक्तातच ही खोड असते. त्यात हार्मोनच्या गोळ्या पडल्या की रक्त गोठायला आणखी तयार होतं. बहुतेक बायकांना या गोळ्यांनी काही होत नाही, म्हणून ऊठसूट सगळ्यांची तपासणी कुणी करत नाही. पण आपल्यासारखं घर असलं तर विचारावं लागतं. हे सगळं मी तुला लाडू वळताना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून लॅबमध्ये नेलं.

खुर्चीत बसून बाही वर करत म्हणालीस, "रक्त गोठतंय म्हणजे चांगलंच की. भाजी चिरताना बोट कापलं तर माझं लगेच थांबतंय."

"गप बस. हात हलवू नको."

निळी ट्यूब बरोबर रेघेपर्यंत भरावी लागते. आत औषध असतं, त्याचं प्रमाण चुकलं तर तपासणी वाया जाते. माझा डोळा रेघेवर, आणि तू माझ्या डोक्यातले पांढरे केस मोजून राहिलीस. सतरापर्यंत मोजलेस आणि म्हणालीस, "म्हातारी झालीस की गं."

मोठ्या शहरातून रिपोर्ट आला. रक्ताला गोठण्यापासून आवरून धरणारं एक प्रोटीन असतं, ते तुझं कमी होतं. मी इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते माझ्यावरच चिडले. "गोळी चालू असताना का घेतलं? गोळीनं हे कमी दिसतंच. हे घराण्याचं आहे की गोळीचं, मी आता कसं सांगू? गोळ्या बंद करा, दुसरं साधन वापरा, दोन महिन्यांनी परत रक्त घ्या." खाली मान घालून ऐकून घेतलं. मला हे माहीत नव्हतं का? पाठ होतं. बाहेरची बाई असती तर फॉर्मवर चार प्रश्न विचारून परत पाठवली असती. पण तू घरची. आलीच आहे तर घेऊन टाकू, असं झालं. नियम बाहेरच्यांना, घरच्यांना सगळं चालतंय, ही आपली रीत.

तू मात्र गुणाची. त्याच दिवशी गोळ्या बंद केल्यास, मला फोनवर तसं सांगितलंस आणि वर म्हणालीस, "बसवराजला आता तू समजावून सांग, मला लाज वाटती." मी हसले. तारीख मोजली, ट्यूबवर तुझं नाव लिहिलं आणि रॅकमध्ये लावली.

तुझ्या हाताची शीर मला झोपेतसुद्धा सापडली असती. मी कोर्सच्या पहिल्या वर्षाला होते, तू शाळेत. माझा हात थरथरायचा, सुई लागायची नाही, कॉलेजात सगळे हसायचे. एका रविवारी तू स्वयंपाकघरात माझ्यासमोर हात पसरून बसलीस. "टोच की. मला काय होतंय." तीनदा चुकले. हात काळानिळा झाला, पण तू हूं की चूं केलं नाहीस. चौथ्यांदा लागली तेव्हा माझ्यापेक्षा तूच मोठ्यानं ओरडलीस, आणि आईनं येऊन दोघींनाही झोडपलं. त्यानंतर मी किती हजार हात टोचले असतील. प्रत्येकामागं तुझा तो काळानिळा हात आहे. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर चढून बसली असतीस.

आता मुद्द्यावर येते. येववत नाही, पण येते.

तुला आठवतं, तू तेरा वर्षांची होतीस, पहिल्यांदा बाजूला बसवलं होतं. त्याच दिवशी अप्पांकडं पाहुणे आले होते आणि अप्पा नेहमीच्या जोशात सांगत होते की आपण लिंगायत, गळ्यात लिंग आहे, आपल्यात विटाळ म्हणून नाहीच, बाईलाही नाही. तू मागच्या खोलीतून ओरडलीस, "अप्पा, मग आई मला इथं कशाला बसवून राहिली?" पाहुणे खाली बघायला लागले. अप्पांनी पेपरची घडी घातली, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. आईनं दार लोटून घेतलं. मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. उलट म्हटलं, "उगी कशाला तोंड लावतीस, चार दिवसांचं तर असतंय."

चार दिवसांचं तर असतंय. बघ, तेव्हापासून मी हेच म्हणत आलेय.

मग मोठ्या झालो तशी बाजूला बसायची गरजच राहिली नाही. मेडिकलमध्ये गोळ्या मिळायला लागल्या. लग्न असो, पूजा असो, देवाला जाणं असो, तारीख मध्ये आली की दिवसाला तीन गोळ्या, आणि पाळी पुढं. कुणी डॉक्टरला विचारत नाही. बायका एकमेकींना लवंग द्यावी तशी पर्समधून काढून देतात. माझ्या लग्नात आईनं मला दिल्या, तुझ्या लग्नात मी तुला दिल्या. त्या आपल्याला कधी औषध वाटल्याच नाहीत. ते एक सोवळं होतं, पाण्याबरोबर गिळायचं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तुझा फोन आला. काउंटरवर ही गर्दी. एका आजोबांची शीर सापडत नव्हती. फोन खांद्यात धरून बोलत होते.

"अक्का, माहूरला चाललो समदे. आत्यांचा नवस हाय. माझी तारीख नेमकी मधी येती. आत्यांनी गोळ्या आणल्यात. घेऊ का?"

"मग घे की. विचारती काय?"

"न्हाई, ते दुसरं रक्त द्यायचंय ना. त्याला काही होत न्हाई ना?"

लिले, तू विचारलं होतंस. आपल्या सगळ्या खानदानात एवढा शहाणा प्रश्न कुणी विचारला नसेल. ज्या बाईनं वीस वर्षं रक्तात घालवली तिला सुचला नाही तो तुला सुचला. आणि मी, आजोबांच्या हाताकडं बघत, म्हणाले, "न्हाई होत काही. चार दिवसांचं काय होतंय. घे."

तू "बरं" म्हणालीस. एका शब्दात. जन्मभर प्रत्येक गोष्टीला "पण का?" म्हणणारी तू, त्या दिवशी फक्त "बरं".

गोळी बंद करायला मी सांगितलं, आणि दुसऱ्या सॅम्पलला तीन आठवडे उरले असताना दुसरी गोळी घे असंही मीच सांगितलं. त्याही हार्मोनच्याच. मला एवढंही जुळवता आलं नाही. एक गोळी फॉर्मवरची होती, दुसरी घरातली. घरातल्या गोष्टीकडं मी तांत्रिक नजरेनं कधी बघितलंच नव्हतं.

माहूरला जाताना तुमची गाडी लॅबसमोर पाच मिनिटं थांबली. तू खिडकीतून चटणीचा डबा दिलास. "येताना थांबते, निवांत बोलू." येताना पोरी झोपल्या होत्या, सगळे शिणले होते, गाडी तशीच पुढं गेली. गडावरून उतरल्यापासून तुझी पोटरी दुखत होती, हे मला नंतर कळलं. त्यात पायऱ्या चढलेल्या सगळ्यांचेच पाय दुखत होते, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही की बाकीच्यांचे दोन्ही दुखतायत आणि तुझा एकच. घरी गेल्यावर आत्यांनी, तुझ्या सासूबाईंनी, तेल कोमट करून तुझा पाय चोळून दिला. मायेनं चोळला गं. चोळायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मला तू फोन केला नाहीस. पाय दुखतोय हे काय सांगायचं, असं वाटलं असेल. गाडी लॅबसमोर थांबली असती तर मी तुला उतरताना बघितलं असतं. एक पाय जपून टाकताना मी हजारांत ओळखला असता. असं मी रोज स्वतःला सांगते. पण ज्या बाईला फोनवर कळलं नाही तिला रस्त्यावर कळलं असतं, हे तरी कशावरून?

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता तुला धाप लागली. गाडीत घालून लातूरला नेलं. बसवराजचा फोन आला तेव्हा मी रिपोर्टांवर सह्या करत होते. तो एवढंच म्हणाला, "अक्का, ती बोलत न्हाई." मी त्याला काही विचारलंच नाही. मला ऐकल्याबरोबर कळलं. कळायला काय, मला सगळं कळतं, फक्त वेळेवर कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, नेमकं कशामुळं ते सांगता येणार नाही. घराण्याचं रक्त असेल, गाडीत दिवसभर पाय दुमडून बसणं असेल, त्या गोळ्या असतील, सगळं मिळून असेल. दुसरं सॅम्पल झालं असतं तर निदान कळलं असतं. मी मान हलवली. मला त्यांना सांगायचं होतं की सॅम्पल माझ्याकडंच द्यायचं होतं, पण मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले.

आणि मग आपली रीत. आपल्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, हातात लिंग. तुला बसवायला घेतलं आणि तुझा डावा पाय दुमडेना. पुरुष मंडळी हळू आवाजात बोलायला लागली, अय्यांनी, विधी करणाऱ्या जंगमांनी, पुन्हा सांगितलं, कुणीतरी जोर लावला. मी तिथं होते. मी तो पाय बघितला. आईचाच पाय होता तो, हुबेहूब. तेवढं एक मला कधी विसरता येणार नाही, आणि तुलाही सांगायला नको होतं, पण मी दुसऱ्या कुणाला सांगू?

त्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली. सासूनं गोळ्या आणल्या म्हणे. सासूनं जबरदस्तीनं घ्यायला लावल्या म्हणे. तुझ्या सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. आल्यागेल्याला एकच सांगायच्या, "माझ्या हातानं दिल्या बघा मी. माझ्या हातानं." माझ्याकडंही बघून तेच म्हणाल्या. लिले, मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला, आणि गप्प राहिले. त्या म्हातारीला सगळं गाव खात होतं, आणि मी, तुझी सख्खी बहीण, लॅबवाली, त्यांना पाणी आणून देत होते. लोक म्हणाले, किती मोठ्या मनाची बाई.

कार्याच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गहू निवडत होते. हुग्गीसाठी, कार्याच्या गव्हाच्या खिरीसाठी. तुझी धाकटी जाऊ सुरेखा आली, फळीवरच्या डब्यामागून एक पाकीट काढलं, त्यातली एक गोळी हातावर घेतली आणि पाण्याचा तांब्या उचलला.

मी ओळखलं. त्याच गोळ्या. तुझ्यातल्याच उरलेल्या.

"काय घेऊन राहिलीस?"

"उद्या तारीख हाय माझी, अक्का. ताईंच्या कार्यात मीच वाढायला न्हाई तर बरं दिसंल का?"

"सुरेखा, एवढं होऊन तू परत…"

ती बावरली. खरंच बावरली, त्यात कुठं टोमणा नव्हता. म्हणाली, "पण तुम्हीच तर म्हणला होता ना, काही होत न्हाई म्हणून? ताईंनी फोन ठेवला आन् आम्हाला समद्यांना सांगितलं. म्हणल्या, अक्का म्हणती घे, आता फिकर न्हाई. अक्का लॅबवाली हाय."

समद्यांना सांगितलं. तू किती अभिमानानं सांगितलं असशील ते मला दिसलं. मी वर बघितलं तर दारात तुझ्या सासूबाई उभ्या. त्यांनी ऐकलं होतं. नाही, त्यांना ऐकायची गरजच नव्हती. त्या त्या दिवशी तिथंच होत्या. पहिल्यापासून त्यांना ठाऊक होतं.

"आत्या," मी म्हणाले, "मी म्हणाले होते तिला. घे म्हणून मी…"

"ठाव हाय मला."

"मग तुम्ही लोकांना का न्हाई सांगितलं?"

"तिची माहेरची तू एकलीच उरलीस. तुला कशाला पुढं करू?" एवढं बोलून त्या आत आल्या, सुरेखाच्या हातावरची गोळी उचलली, पाकीट उचललं आणि चुलीत टाकलं. सुरेखा रडायला लागली, "आत्या, मग मी उद्या कशी वाढू?"

"वाढ तशीच."

"विटाळ…"

"वाढ म्हणलं ना. बाटू दे काय बाटायचं ते."

लिले, हे चार-पाच शब्द. त्या बाईला पाठ झालेल्या सगळ्या जन्मातून हे शब्द निघायला तुला जावं लागलं. तू तेरा वर्षांची असताना मागच्या खोलीतून हेच विचारलं होतंस. अप्पा चपला घालून निघून गेले, आईनं दार लावलं, आणि मी म्हणाले चार दिवसांचं तर असतंय. कुणा एकानं जरी तेव्हा तुला उत्तर दिलं असतं.

डॉक्टर म्हणालेत, आधी तुमचं स्वतःचं रक्त तपासून घ्या, मोठ्या झाल्या की पोरींचंही बघू. घेईन मी. तुझ्या नावाची ट्यूब सोडून दुसरी घेईन. आज झालं नाही.

कार्याच्या दिवशी सुरेखाला पाळी आली. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत हुग्गी वाढली. तुझ्या पोरींना वाढली, अय्यांना वाढली, मला वाढली. सगळे जेवले, हात धुतले, आपापल्या घरी गेले. कुणाला काही झालं नाही.